गल्ल्यामागून पाहिलेला नाताळबाजार

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा माझ्याशिवाय भरली. यात्रेला काही फरक पडला नाही. घोडे आले, पाळणे आले, तमाशाचे फड आले, आमचं गोडीशेवेचं दुकानही लागलं. फक्त गल्ल्यावर मी नव्हते. दत्तजयंती 14 डिसेंबर 2024 ला होती आणि त्या दिवशी मी जर्मनीत न्यूरेंबर्ग नावाच्या शहरात, दोन स्वेटर, एक कोट आणि जावयाची कानटोपी घालून, दुसऱ्याच्या दुकानासमोर उभी होते. गिऱ्हाईक म्हणून. ही सवय मला नाही.

कारण साधं होतं, लेकीचं बाळंतपण. ती न्यूरेंबर्गला लागून असलेल्या फ्युर्थमध्ये राहते. दिवाळीच्या फराळाचा धंदा आटोपला आणि मी निघाले. नात 10 नोव्हेंबरला झाली, मी चार दिवस आधी पोचले. बॅगेत डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, कळण्याचं पीठ, काळा मसाला, बाळंतशोपा आणि बिबड्या. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा दोन साड्या काढून मुलाच्या हातात दिल्या. बिबड्यांना हात लावू दिला नाही.

जावई भुसावळचे. वडील रेल्वेत होते, त्यामुळे त्यांच्या घरी पंचांगापेक्षा टाइमटेबल जास्त वेळा उघडलं गेलं असणार. फ्युर्थहून न्यूरेंबर्गला जाणाऱ्या मेट्रोत पहिल्यांदा बसलो तेव्हा ते म्हणाले, "आई, जर्मनीतली पहिली रेल्वे याच दोन गावांमध्ये धावली. 7 डिसेंबर 1835. सहा किलोमीटर. इंजिन इंग्लंडहून आणलेलं, नाव आडलर." मग थोडं थांबून, "आपली बोरीबंदर ते ठाणे 16 एप्रिल 1853." हे त्यांनी मला त्या महिन्यात तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी इंजिनाचं नाव मीच आधी सांगितलं तर चेहरा पडला त्यांचा.

सव्वा महिना होईपर्यंत लेकीने बाहेर पडायचं नाही यावर मी ठाम. तिची तिथली सुईण म्हणत होती, रोज फिरायला जा, बाळाला हवा लागू दे. बाहेर दोन डिग्री. असली हवा लागू द्यायची? त्यामुळे 5 डिसेंबरच्या पहिल्या फेरीला मी आणि जावई दोघंच.

लोरेन्झकिर्खे स्टेशनला उतरून सरकत्या जिन्याने वर आलो. दुपारचे साडेचार वाजले होते आणि दिवस संपलेला. उतारावरून चालत पेग्निट्झ नदीच्या पुलावर आलो. तापीकाठी धंदा केलेल्या बाईने तिला नदी म्हणावं की पाट, हा माझा मला प्रश्न पडला. पण पाणी स्वच्छ होतं, म्हणून नदी म्हटलं. पूल ओलांडला की चौक. हाउप्टमार्क्ट म्हणतात, म्हणजे मोठा बाजारच. एरवी तिथे भाजी आणि फुलं विकतात. नाताळाआधीच्या चार रविवारांना आगमन-रविवार म्हणतात, त्यातल्या पहिल्याच्या आधीच्या शुक्रवारी नाताळबाजार सुरू होतो आणि 24 डिसेंबरच्या दुपारी उठतो. त्याचं नाव क्रिस्टकिंडलेसमार्क्ट. बाळ येशूचा बाजार असं समजा.

वरून पाहिलं तर लांबच लांब रांगा आणि प्रत्येक दुकानावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. या दिवसांत नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जी लाली पसरलेली असते, ती आठवली. लोक फोटो काढत होते. मी काढला नाही, कारण मी काहीतरी शोधत होते आणि काय ते कळत नव्हतं. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं. भोंगा! एवढी गर्दी आणि एकही भोंगा नाही. "हरवलेला मुलगा अमुक ठिकाणी आहे" नाही, "दहा रुपयाला कोणतीही वस्तू" नाही, दोन पाळण्यांची दोन गाणी एकमेकांत घुसलेली नाहीत. नुसता माणसांच्या बोलण्याचा आवाज आणि मध्येच चर्चची घंटा. सुरुवातीला चुकल्यासारखं झालं. मग कान निवले.

मी बाजार बघते तो पुढून नाही. माझी नजर आपोआप गल्ल्याच्या मागे जाते. माल कुठे ठेवलाय, वायर कुठून आणलीय, दुकानदार कशावर उभा आहे. खाली दगडी फरशी बर्फासारखी गार, म्हणून बहुतेकांनी आत लाकडी फळी टाकलेली. आम्ही रेतीवर पोती अंथरतो, तसंच. पायात जाड बूट, हातात बोटं उघडी ठेवलेले मोजे, म्हणजे सुट्टे पैसे मोजता यावेत. दुकानं साधारण एकशे ऐंशी. जाहिरातीचा फलक कुठे दिसला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन तोंडं मिळतात आणि गर्दी तिथेच वळते, हे गणित तिथेही तेच. सारंगखेड्याला अशा कोपऱ्यासाठी आमच्या सासऱ्यांनी आयुष्यातली निम्मी भांडणं केली.

जावयांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं की इथे प्लास्टिकच्या हिरव्या माळा लावायला बंदी आहे, झाडाच्या खऱ्या फांद्याच लावायच्या. आणि सगळ्यात सुंदर सजवलेल्या दुकानाला नगरपालिका बक्षीस देते, सोन्याचा, रुप्याचा आणि काशाचा म्हणून तीन नंबर. बक्षिसाचं नाव एका सुक्या आलुबुखाराच्या बाहुल्यावरून. (त्या बाहुल्याचं पुढे सांगते.) दुकानदाराला बक्षीस! मी सव्वीस वर्षांत पावत्या फाडून घेतल्या, बक्षीस कधी ऐकलं नव्हतं. घरी फोन करून आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तिथे झालर लावत बसतात, आपल्याला गिऱ्हाईक सोडतं का?" तेही खरंच.

बाजार किती जुना, तर लेखी पुरावा 1628 चा. कागद नाही, लाकडी पातळ पट्टीची एक लंबगोल डबी आहे, तिच्यावर कोणीतरी लिहिलंय की ही बाळाच्या बाजारातून भेट आलेली. ती डबी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलीय. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी यात्रेतून कोणासाठी तरी काहीतरी नेलं आणि त्याची आठवण म्हणून वर लिहून ठेवलं, तेवढाच पुरावा. सारंगखेड्याची यात्राही तीन-साडेतीनशे वर्षांची म्हणतात. आमच्याकडे डब्या राहत नाहीत, आम्ही खाऊन टाकतो.

पण जुनं म्हणून जे दिसतं ते बरंचसं नवं आहे, हे कळल्यावर चौकाकडे बघायची माझी नजर बदलली. 2 जानेवारी 1945 ला विमानांनी बॉम्ब टाकले आणि जुनं गाव जवळपास सगळं पडलं. त्याआधी 1933 पासून हिटलरच्या लोकांनी हा बाजार आपल्या डामडौलासाठी वापरला होता, या चौकालाही त्याचंच नाव दिलं होतं. लढाई सुरू झाली आणि बाजार बंद पडला, तो परत भरला 1948 ला. आजूबाजूला ढिगारे असताना. आणि चौकात जे सुंदर चर्च आहे, फ्राउएनकिर्खे, त्याच्या आधी तिथे ज्यूंचं प्रार्थनाघर होतं. 1349 ला त्यांच्या वस्तीवर हल्ला झाला, माणसं मारली, प्रार्थनाघर पाडलं आणि त्या जागी हे चर्च बांधलं. रोज दुपारी बारा वाजता त्या चर्चच्या घड्याळात सात बाहुले राजाभोवती फेऱ्या मारतात, सगळे माना वर करून बघतात. मीही पाहिलं. मजा वाटली आणि वाटली नाहीही.

मसाल्याचा वास मात्र पहिल्या पावलापासून. दालचिनी, लवंग, सुंठ, संत्र्याची साल, आणि त्यावर जळत्या साखरेचा. दुसरीकडून सॉसेजचा धूर, तो मी ओलांडून जायचे. बोटाएवढी सॉसेजं तीन-तीन पावात घालून देतात, गावाची शान आहे म्हणे ती, आणि रांग तिथेच सगळ्यात लांब. आम्ही माळकरी. जावई घरी खात नाहीत, बाहेर काय करतात मी विचारत नाही.

लेबकुखेन नावाचा मसालेदार गोड प्रकार या गावाचा. 1643 ला तो बनवणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसायसंघ झाला. का इथेच, तर चारी बाजूंनी व्यापाराचे रस्ते इथे येऊन मिळायचे, मसाला इथे उतरायचा, आणि गावाबाहेरच्या राजाच्या जंगलात मधमाश्या पाळणारे लोक होते. मध आणि मसाला एका गावात आले की मिठाई होणारच. इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक 'मिरीची पोती' म्हणायचे. मिरी कुठली, तर आपल्या मलबारची. सगळ्यात उंची प्रकार एलिझेन, त्यात निदान चौथा हिस्सा बदाम-अक्रोड-हेझलनट पाहिजेत आणि पीठ दहा टक्क्यांच्या वर नको, असा नियमच आहे. खालून कागदासारखी पातळ पांढरी चकती. मी एक खाल्लं, आवडलं, दुसरं अर्धं झालं तेव्हा विचारलं की इतक्या कमी पिठात हे बांधलं कशाने जातं. जावई गप्प. म्हटलं, "पाकाने तर नाही वाटत." जावई दुसरीकडे बघायला लागले. अंड्याने! दीड खाऊन झाल्यावर. दत्तमहाराजांना मनातल्या मनात काय सांगायचं ते सांगितलं आणि उरलेलं अर्धं जावयांना दिलं.

आता खरं सांगायचं ते बदामवाल्याचं.

चौकाच्या एका टोकाला भाजक्या बदामाचं दुकान. वास साखरेचा, पण नुसत्या साखरेचा नाही. मी थांबले ती थांबलेच. तांब्याची कढई, गोल बुडाची, खाली गॅस. आत पाणी, साखर, दालचिनीची पूड. उकळी आली की कच्चे बदाम सालीसकट ओतायचे आणि हलवत राहायचं. पाणी आटतं, पाक घट्ट होतो, आणि मग एकदम सगळं कोरडं पडतं. साखर रेतीसारखी होऊन बदामांना चिकटते, राखेत घोळल्यासारखे दिसतात. नवखा माणूस इथे म्हणेल बिघडलं. तो थांबत नाही. आच तशीच ठेवून आणखी हलवतो. मग ती रेती खालून विरघळायला लागते, बदामांवर दुसऱ्यांदा पातळ होऊन चढते आणि चकाकी येते. त्या क्षणाला कढई उलटी करायची. आधी केली तर पांढरे राहतात, नंतर केली तर कडू. मधला वेळ माझ्या अंदाजाने वीस सेकंद.

आमची गोडीशेव निराळी, पण भावंडच. बेसनाची जाड शेव सोऱ्यातून पाडायची, कुरकुरीत तळायची, गार करायची. गुळाचा पाक गोळीबंद करायचा, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की बोटात टणक गोळी झाली पाहिजे. त्यात सुंठ. मग शेव टाकून दोन सराट्यांनी वर-खाली, वर-खाली, हात थांबला की गठ्ठा. पाक कच्चा राहिला तर शेव संध्याकाळपर्यंत सादळते, पुढे गेला तर दाताला लागते. एका वर्षी यात्रेत अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्रीखालची चाळीस किलो शेव हवेने मऊ पडली. आमच्या ह्यांनी ती भाव पाडून विकायची म्हटली. मी विकू दिली नाही, घोडेवाल्यांच्या पोरांना वाटून टाकली. त्या वर्षी तोटाच झाला, पण पुढच्या वर्षी तीच पोरं आईबापाला घेऊन आली.

त्या दिवशी मी बदामवाल्यासमोर बराच वेळ उभी होते, जावयांना दोनदा फोन आले तरी. तो पन्नाशीचा, नाक लाल, तोंडाने काही बोलत नव्हता. तिसरी कढई उलटली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि लाकडी चमच्यावर एक गरम बदाम पुढे केला. चव दाखवली! जगात कुठेही जा, खरा दुकानदार आधी चव दाखवतो. मी शंभर ग्रॅम घेतले. पाच युरोच्या आसपास, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या घरात. मनातल्या मनात साखर किती, बदाम किती, गॅस किती हिशेब लावला. फायदा चांगला आहे. पण जागेचं भाडं काय असेल ते मला दिसत नव्हतं, म्हणून बोलले नाही. घासाघीसही केली नाही. तिथे करत नाहीत, आणि वरून मूठभर टाकायचीही पद्धत नाही. काटा जिथे थांबला तिथे पुडी बंद. हे मात्र मला खटकलं. वरची मूठ नसेल तर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात राहिलं काय?

त्यानंतर मला एकटीला मेट्रोने जायची हिंमत आली. दुपारी बाळ-बाळंतीण झोपल्या की मी निघायचे. एकदा मुद्दाम सकाळी पावणेदहाला गेले, भवानी कोण करतं ते बघायला. दहाला बाजार उघडतो. बदामवाल्याची भवानी दोन शाळकरी पोरांनी केली. त्याने पैसे कपाळाला लावले नाहीत, पण पहिली नोट गल्ल्यात वेगळी खाली सरकवली, ती मी बघितली. रात्री नऊला सगळं बंद. नऊ म्हणजे नऊ. सारंगखेड्याला नऊ वाजता आमचा धंदा सुरू होतो. पाळण्यातून उतरलेला आणि तमाशाला निघालेला माणूस गोडीशेव घेतोच. रात्री दोनला गल्ला मोजून त्याच फळीखाली झोपायचं, तापीवरचा वारा ताडपत्रीतून आत येतो, शेजारी घोडे फुरफुरत असतात.

घोड्यावरून आठवलं. जुन्या गावातून एक पिवळी टपालगाडी फिरते, पूर्वीच्या काळची, दोन घोड्यांची, लोक तिकीट काढून बसतात. जावई म्हणाले, "आई, फोटो काढू." मी म्हटलं, "थांबा, आधी दात बघू द्या." घोडे मात्र आपल्याकडच्या मारवाडी, काठेवाडीसारखे नाहीत, ठेंगणे नाहीत, बारीक नाहीत, बैलासारखे रुंद आणि खुरांवर केसांचे झुपके. कान आत वळलेले नाहीत. सारंगखेड्याच्या व्यापाऱ्याने त्यांना नाचवायचं म्हटलं तर घोडाच हसला असता. गाडीवानाने मला तोंडाजवळ हात नेऊ दिला नाही, ते त्याचं बरोबर.

14 तारखेला, शनिवारी, मी त्या चौकातच होते. गर्दी एवढी की बोट शिरत नव्हतं. मुलांसाठीचं बिनदारूचं गरम फळांचं पेय घेतलं. कपाची अनामत वेगळी घेतात, कप परत केला की पैसे परत. दरवर्षी कपावर नवं चित्र, म्हणून निम्मे लोक परत करतच नाहीत. हुशार लोक. फोन वाजला. पुतण्या, मागे सारंगखेड्याचा सगळा कालवा, भोंग्यासकट. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, त्या भोंग्याने.

"काकू, पाक बिघडी गया."

"पानी कितलं टाकं व्हतं?"

"नेहमीनंच टाकं. शेगडी नवी शे, आच जास्त लागनी."

"शेगडीले नाव नको ठेवू. आपला हातले इचार."

मोबाइल कढईवर धरायला लावला. पाक पुढे गेला होता, रंगावरूनच कळत होतं. म्हटलं, अर्धी वाटी पाणी घाल, पुन्हा उकळी आण, थेंब टाकून बघ, शेव दुसऱ्या घाणाची घे. माझ्या आजूबाजूचे लोक हातात दारूचे कप घेऊन बघत होते की ही बाई फोनवर कोणावर ओरडतेय. वीस मिनिटांनी त्याचा फोटो आला, परातभर गोडीशेव, चकचकीत. मी कप परत केला नाही. तो आता शहाद्याला दुकानात आहे, त्यात सुट्टे पैसे ठेवतो.

सव्वा महिना झाला आणि 18 तारखेला लेक बाळाला गाडीत घालून बरोबर आली. बाळाच्या अंगावर इतके कपडे की फक्त नाक दिसत होतं. त्या आलुबुखाराच्या बाहुल्यांचं दुकान मला तिच्याबरोबरच बघायचं होतं, कारण तिला भाषा येते. हातपाय सुकलेल्या आलुबुखारांचे तारेत ओवलेले, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेलं तोंड, अंगावर कापडाचे कपडे. कोणी पोस्टमन, कोणी आचारी, कोणी नवरा-बायको. दुकानावर सत्तरीची बाई. लेकीने विचारलं, किती वर्षं? त्या म्हणाल्या, आईच्या वेळेपासून. मी म्हटलं, सांग तिला, माझंही दुकान आहे, यात्रेत, सव्वीस वर्षं. त्या बाईने माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघे?" लेकीने भाषांतर करायच्या आधीच मला कळलं, कारण त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मग आम्ही दोघींनी गुडघे, पाठ, टाचा आणि सुट्टे पैसे न आणणारी गिऱ्हाइकं यावर जे बोललो त्यातलं लेकीने अर्धंच भाषांतर केलं. नवरा-बायकोची जोडी घेतली. दोन घेतल्यावर काही कमी करा म्हटलं, तर त्या मनापासून हसल्या आणि काही कमी केलं नाही.

तेवढ्यात गर्दी सरकली आणि क्रिस्टकिंड आली. सोनेरी झगा, सोनेरी कुरळे केस, डोक्यावर उंच मुकुट. दर दोन वर्षांनी गावातली सोळा ते एकोणीस वर्षांची एक मुलगी निवडतात, तीच चर्चच्या सज्जातून बाजाराचं उद्घाटन करते. ती कमीत कमी एकशे साठ सेंटिमीटर उंच पाहिजे आणि उंचीची भीती वाटायला नको. 2019 साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. तेव्हा तिच्या रंगावरून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक लोकांनी वाईट लिहिलं, आणि गाव तिच्या बाजूने उभं राहिलं. लेक हे सांगताना बाळाच्या गाडीकडे बघत होती, ते मला दिसलं. या वर्षीची मुलगी गाडीपाशी थांबली, वाकली, काहीतरी बोलली. नात झोपलेली होती. उठली नाही, घरावर गेलीय.

दोन दिवसांनी, 20 तारखेच्या संध्याकाळी, माग्देबुर्ग नावाच्या दुसऱ्या शहरात नाताळबाजारात एका माणसाने गाडी गर्दीत घातली. माणसं मेली, त्यात एक नऊ वर्षांचा मुलगा. शेकडो जखमी. रात्रभर टीव्हीवर तेच. शहाद्याहून फोनावर फोन. आमचे हे म्हणाले, आता त्या बाजारात पाय ठेवायचा नाही. बाजाराच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे का ठेवलेत, हे मी पहिल्या दिवशी जावयांना विचारलं होतं आणि त्यांनी विषय बदलला होता. आता कळलं.

मला रात्री झोप आली नाही ती त्या दुकानदारांच्या विचाराने. सकाळी ते काय करतील? आमचे सासरे यात्रेच्या तिसऱ्या दिवशी गेले होते. चौथ्या दिवशी दुकान बंद. पाचव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, माल पडलाय, जा. लोक काय म्हणतील म्हटलं तर म्हणाल्या, लोक शेव मागतील.

22 तारखेला, रविवारी, मी जायचंच म्हटलं. रिकाम्या हाताने नाही. लेकीच्या घरी चकलीचा सोऱ्या होता, त्यात जाड शेवेची चकती मीच नेलेली. बेसन आणि गूळ भारतीय दुकानातून. पण शेगडी ती काचेची, जाळ नाहीच, नुसते आकडे. सातवर ठेवलं तर पाक हलेना, नऊवर ठेवलं तर एकदम उसळला आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. बाळ रडायला लागलं, जावई खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायला लागले, आणि मी एका हाताने शेव हलवत होते. गठ्ठा होऊ दिला नाही.

चौकात पोलीस जास्त होते, गर्दी कमी. बदामवाला होता. कढई चालू होती. लेकीने त्याला सांगितलं की माझी आई भारतात, यात्रेत, असंच काहीतरी बनवते, तुमच्यासाठी आणलंय. त्याने हात पुसले, डबा घेतला, आधी वास घेतला. मग एक तुकडा मोडला, त्याचा आवाज ऐकला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. शिकलेला माणूस. दुसरा तुकडा घेतला. मग लेकीला काहीतरी लांबलचक सांगितलं, बोटांनी अगदी थोडं असं दाखवत. लेक हसायला लागली.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय चव फार छान आहे, आलं त्याला आवडलं. पण पाक अर्धा मिनिट जास्त झालाय."

मी म्हटलं, "त्याला सांग, शेगडी माझी नव्हती."